आईचं पण

गेल्या महिन्यात नाशिकहून मामेभावाचा फोन आला. "बाबांचं लिव्हर ट्रान्सप्लांटचं वर्कअप, म्हणजे आधीच्या तपासण्या, सुरू झालंय. आईचं पण." हे 'पण' काही डोक्यातून जाईना.

इथे बर्मिंगहॅममध्ये माझा एक सहकारी याच वाटेने गेला. आधी रक्तातलं बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम यांवरून यकृत किती बिघडलंय ते सांगणारा 'युकेएल्ड' नावाचा आकडा काढतात. साधारण 49 च्या खाली असाल तर यादीत यायची घाई नाही. मग टूडी इको, सीटी, सायकल मारायला लावून दम मोजणं, दात, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, दारूबद्दल खोदून खोदून प्रश्न. शेवटी डॉक्टरांच्या बैठकीत एकच हिशोब: प्रत्यारोपणानंतर पाच वर्षं जगण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे का? नसेल तर नकार. त्याला "आधी अंगात ताकद आणा, मग बघू" सांगितलं, तेव्हा "आमच्याकडे आठवड्यात झालं असतं," असं मीच तावातावाने बोललो होतो.

होतंही. कारण आपल्याकडे ब्रेन-डेड दात्याची वाट बघत बसण्यापेक्षा लोक यकृताचा भाग देणारं माणूस घरातच बघतात. रक्तगट जुळला, फॅटी लिव्हर नाही, काढल्यावर दात्याकडे किमान तीसेक टक्के यकृत उरतंय, आणि रुग्णाला त्याच्या वजनाच्या किमान 0.8 टक्के मिळतंय, की झालं. म्हणजे 70 किलोच्या मामांना 560 ग्रॅम. मुलाचं फॅटी निघालं. राहिल्या मामी. भारतात जिवंत दात्यांत बायकाच जास्त, यात नवल नाही.

इथलं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. यादीवर वाट बघता बघता माणसं जातात इथेही, आणि मामांकडे तेवढा वेळ नाही. पण इथे जिवंत दात्याला ट्रान्सप्लांटच्या टीमबाहेरचा एक माणूस रुग्णाला खोलीबाहेर ठेवून भेटतो. नको वाटलं तर "दाता म्हणून योग्य नाही" एवढंच घरच्यांना कळतं. आपल्याकडे 1994 चा कायदा आहे, संमतीची सही आहे, व्हिडिओसुद्धा करतात. पण दाराबाहेर दीर, नणंद, सासूबाई बसलेल्या असताना कुठली बायको "नाही" म्हणेल? मामींच्या रक्ताच्या अठरा तपासण्या झाल्या. त्या "हो"ची एकही नाही.

रविवारी फोन केला. "सीटी छान आलीय रे," मामी म्हणाल्या.

"तुम्हाला एकटीला बोलावून कुणी विचारलं का?"

"एकटीला कशाला? हे होते ना शेजारी."