भुताचं गाव म्हणे!

परवा रात्री साडेदहाला आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्यानं एक मेसेज ढकलला. वर कवटीचं चित्र, खाली मजकूर : ‘मराठवाड्यातलं भुताचं गाव, जुनं किल्लारी’. सार असं : १९९३ साली विसर्जनाच्या रात्री गावाकडून विटाळ झाला म्हणून धरणी कोपली. पापी लोकांची घरं पडली, पुण्यवानांची वाचली. पन्नास हजार माणसं गेली, मागे कुणी उरलं नाही. मुळात तो भूकंप नव्हताच, गुप्त अणुचाचणी होती, म्हणून तर नेटवर तारीख २९ दिसते आणि आपण पाळतो ३०. सरकारी दप्तरात गाव ‘बेचिराख’, म्हणजे जळून राख. पहाटे ३:५६ ला अजून जमिनीतून आवाज येतात. आणि शेवटी खास आमंत्रण : ढिगाऱ्याखाली मणभर सोनं तसंच पडलंय, हिंमत असेल तर रात्री जा.

भाच्याचं आणि त्याच्या तिघा दोस्तांचं जायचं ठरलंही होतं. पडके वाडे, बंद पडलेल्या जिनिंगा, ओस गावं धुंडाळायची आणि व्हिडिओ काढायचा, असा त्यांचा नाद. नादाबद्दल माझं काही म्हणणं नाही. औशाच्या किल्ल्यात वटवाघळांच्या खालून मीही वाकून गेलोय. पण त्या ग्रुपवर माझी मावशी आहे. पुनर्वसन झालेल्या ५२ गावांपैकी एक तिचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला, त्यात तिची पाच वर्षांची पोर भिंतीखाली गेली. मेसेज वाचून तिनं मला फोन केला आणि एवढंच विचारलं, “आमचं पाप कोणचं होतं रे?”

तेव्हा पापापासूनच सुरू करू.

त्या भागातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना भिंत आठवत असेल. मावशीच्या घराची भिंत अडीच हात रुंद होती. बाहेरून काळ्या दगडाचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत मुरूम, चिपा, चिखल. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच. चुना नाही, सिमेंट तर नाहीच. सगळी मदार मातीवर. त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा आणि जुना कुणी काढायचं नाही. आजोबा-पणजोबांपासूनचे थर एकावर एक. डोक्यावर किती वजन चढत चाललंय, याचा हिशेब कोण ठेवणार? उलट भिंत जितकी रुंद तितकं घर तालेवार. चोर फोडू शकत नाही, वैशाखात आत गारवा. मावशीचे सासरे पाहुण्यांना भिंतीवर थाप मारून दाखवायचे.

जमीन आडवी हलली की अशी भिंत आधी फुगते, मग तिचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि दगड आत-बाहेर ओतले जातात. माळवद त्या भिंतीवरच टेकलेलं असेल तर तेही खाली येतं. आयआयटी कानपूरच्या अभियंत्यांनी भूकंपानंतर गावोगाव फिरून पाहणी केली. त्यांचा अहवाल लांबलचक आहे, पण सांगतो हेच : माणसं मारली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि जड छपरांनी. जिथं माळवद लाकडी खांब-तुळयांवर पेललेलं होतं तिथं पुष्कळदा भिंती ढासळल्या, पण सांगाडा उभा राहिला. कुडाची, छपराची, पत्र्याची हलकी घरं बरीच वाचली.

आता हेच मेसेजच्या भाषेत वाचा. चिरेबंदी वाडेवाले पापी आणि कुडाच्या खोपटातले पुण्यवान? एरवी असले मेसेज पाठवणाऱ्यांना हा निकाल पटेल का, मला शंका आहे. आणि पाच वर्षांच्या पोरीचं पाप कसं मोजलं, तेही त्यांनीच सांगावं.

विसर्जनाबद्दल खरं एवढंच, की आदली रात्र अनंत चतुर्दशीची होती. मिरवणुका आटोपून लोक दमून घरात झोपले होते. आणि धरणी काही एका रात्रीत कोपली नाही. १९९२ मध्येच किल्लारीला हादऱ्यांवर हादरे बसत होते, त्यातला एक मोठा ऑक्टोबरात. लोक घाबरून अंगणात झोपले, नंतर सवय झाली आणि पुन्हा आत गेले. सरकारी नकाशानं त्या काळी हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात टाकला होता. पुढे २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला, आणि पहिला पट्टा काढूनच टाकला. तेव्हा कुणाकडून चूक झालीच असेल तर ती विसर्जनात झाली नव्हती.

पन्नास हजारांचा आकडा कुठून आला, तो लिहिणाराच जाणे. सरकारी नोंद ७,९२८ मृतांची, जखमी सोळा हजारांच्या घरात. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या यादीत मृतांचा आकडा ९,७४८ दिसतो. म्हणजे आकड्यांत फरक आहे, मान्य. पण म्हणून तो पन्नास हजारांवर नेता येत नाही.

‘कुणी उरलं नाही’ हे तर किल्लारीच्या लोकांसमोर उभं राहून म्हणून दाखवावं. किल्लारी आज नांदतं गाव आहे, पोलीस ठाणं आहे, साखर कारखाना आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या मदतीतून. घरं जमिनीच्या मापानं दिली : भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. मावशीच्या वाट्याला चारशे आलं. पक्कं घर, रुंद सरळ रस्ते, पण बैल बांधायचे कुठं ते कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पुढच्या दारात पत्र्याची शेड टाकली. अख्ख्या गल्लीनं टाकली. जुनं गाव ओस पडलं ते असं, आराखडे काढून, यादीत नावं वाचून. एका रात्रीत सगळे गायब झाले हे भुताच्या गोष्टीला शोभतं.

‘बेचिराख’वर मात्र मला थांबावंच लागेल, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. या शब्दात राख नाही. फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात बेचिराख गाव म्हणजे ज्याला नाव आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही असं गाव. विदर्भात अशा गावाला रिठी म्हणतात. आपल्याकडे बेचिराख गावांची काही कमी नाही. दुष्काळ, पटकी, प्लेग, आटलेलं पाणी, पुंडांचा त्रास, एकेका गावाचं एकेक कारण. दिवे विझले, माणसं शेजारच्या गावात गेली, घरांच्या मातीचं पांढरं टेकाड उरलं. त्यालाच आपण पांढर म्हणतो, आणि माळवदावर टाकायला माती पुष्कळदा याच टेकाडांतून यायची. म्हणजे एका मेलेल्या गावाची माती दुसऱ्या गावाच्या डोक्यावर. भुताची गोष्ट हवीच असेल तर ही घ्या, निदान खरी तरी आहे.

अणुचाचणी? भारतानं चाचण्या केल्या १९७४ आणि १९९८ मध्ये, दोन्ही राजस्थानात पोखरणला. किल्लारीच्या धक्क्याचा उगम काही किलोमीटर खोल होता आणि नंतर महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत राहिले. स्फोट असं वागत नाही. तेरणा नदीवरच्या माकणी धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाले आहेत, ते जरूर वाचा. आणि २९-३० चं गौडबंगाल एवढंच : जगभरच्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेनं होतात. आपल्याकडे ३० ची पहाट होती तेव्हा तिकडे २९ ची रात्र होती.

आता आवाज. इथं मला, जिवावर येतंय तरी, कबूल करावं लागतं की आवाज येतात. लातूर जिल्ह्यात कुणालाही विचारा. जमिनीतून गडगड होते, भांडी थरथरतात, लोक घराबाहेर येतात. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत हे इतक्यांदा झालं की लोकांची झोप उडाली. अगदी उथळ, बारीक भूकंपांचा हा आवाज. काळा पाषाण कठीण असल्यानं तो पृष्ठभागापर्यंत पोचतो, आणि पावसाळ्यात भेगांत मुरलेल्या पाण्याचाही यात हात असावा, असं जाणकार सांगतात. पण तो ३:५६ चं घड्याळ लावून येत नाही. भरदुपारीही येतो. मेसेज लिहिणाऱ्यानं खऱ्या आवाजाला खोटी वेळ चिकटवली, म्हणून तर तो खपला.

राहिलं सोनं. सगळ्यांत जास्त चीड मला याचीच आली. त्या ढिगाऱ्यांतून जवानांनी आणि घरच्या माणसांनी प्रेतं काढली. मावशीच्या दिरानं हातांनी दगड उपसले, त्याच्या नखांची हकीकत मी इथं लिहीत नाही. त्या जागी आता चार पोरं कुदळ घेऊन रात्री जाणार? कायदाच ऐकायचा असेल तर ऐका : १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आणि गुप्तधनाच्या नादानं अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. शिवाय त्या पडक्या भिंती आजही त्याच आहेत, दोन पदरांच्या, मातीतल्या, आणि आता तीस-बत्तीस पावसाळे खाल्लेल्या. टॉर्च तोंडात धरून त्यांच्या बुडाशी खणणाऱ्याचा जीव जायला भूत लागत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, बरंच लांबलं. भाच्याला वेगळं लिहिलं, की ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, त्या दिवशी सकाळी ये, मावशी येते, तिला विचार कुठलं घर कुणाचं होतं. आणि पांढरच बघायची असेल तर त्याच तेरणेच्या काठी, वरच्या अंगाला तेर गावी जा. सातवाहन काळातलं तगर नगर त्या टेकाडांत आहे, आणि तिथं जे सापडलं ते लामतुरे संग्रहालयात मांडलंय, दिवसाउजेडी, कुदळीशिवाय.

त्याचं उत्तर आलं : एक अंगठा. अर्ध्या तासानं आणखी एक मेसेज, “मामा, तेरला ड्रोन उडवू देतात का?”