वॅट नका सांगू, थ्रो सांगा!

पुण्यात गाडी पॉलिश करायचं मशीन मागा, दुकानदार पहिला आकडा वॅटचाच सांगणार. बाराशे वॅट, चौदाशे वॅट, "एकदम हेवी आहे, बघायचंच नाही." अहो, मला पिठाची गिरणी टाकायची नाहीये! दारावरचे पॉलिश पेपरचे ओरखडे काढायचेत, तेवढंच.

हे ओरखडे आले कुठून तेही ऐका. गाडी काळी. डावं दार आणि मागचा बंपर एका गॅरेजात रंगवून घेतला. रंगाला ओघळ आला म्हणून तिथल्या पठ्ठ्यानं दोन हजार नंबरचा, म्हणजे अगदी बारीक दाण्याचा वॉटर पेपर मारला, वरून घाईघाईत रबिंग कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) फिरवलं आणि गाडी चकाचक करून हातात दिली. घरी धुतली आणि सगळं उघडं पडलं. कंपाउंडमधलं तेल आणि फिलर, म्हणजे ओरखडे तात्पुरते बुजवणारा माल, ओरखड्यांत जाऊन बसलेलं असतं, शाम्पूनं ते निघालं की खालचं जसंच्या तसं. वर मशीनचे गोल गोल पट्टे, ऊन पडलं की गाडीबरोबर तेही फिरतात. जाऊन विचारलं तर म्हणे, "ताई, काळ्या गाडीला असंच दिसतं." म्हणजे पांढऱ्या गाडीवालेही हेच घेऊन जातात, त्यांना दिसत नाही इतकंच!

बरं, हातातल्या हातात तपासायची सोय आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फडक्यानं पुसायचं, तेल निघतं आणि खरा रंग समोर येतो. पण हे गॅरेजवाल्यासमोर करा, मग बघा चेहरा.

म्हणून म्हटलं, आपणच करू. बोहरी आळीत गेले तर पहिल्याच दुकानात चार इंची अँगल ग्राइंडर काढून ठेवला, सोबत वेल्क्रोची चकती आणि स्पंज. "सगळे हेच नेतात." नेत असतील हो! हा ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो, कारण तो लोखंड कापायला बनवलाय. 100 मिलिमीटरचं पॅड त्या वेगानं फिरलं तर त्याची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर जाते. रोटरी पॉलिशरला, म्हणजे नुसत्या जागेवर गोल फिरणाऱ्या मशीनला, मिनिटाला साधारण 600 ते 3,000 फेऱ्या असतात आणि कंपाउंडचं बरंचसं काम हजार-दीड हजारांवर होतं. कंपनीतून येणारा क्लियर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक 40-50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. माझ्या दारावर त्यातला काही भाग पेपरनं आधीच खाल्लेला. दाराच्या कडेवर ग्राइंडर टेकला की क्लियर जातो, मग रंग, मग प्रायमर वर. बंपर तर प्लास्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरतच नाही, एका जागी तापत राहतो.

पुढच्या दुकानात "ड्युअल अ‍ॅक्शन आहे का?" असं विचारलं, म्हणजे चकती गोल फिरते आणि सोबत हलतेही, ते मशीन. आहे म्हणाला. आणि दिला लाकडाचा सँडर! खाली वेल्क्रो दिसला की झाला पॉलिशर. सुताराच्या सँडरचा थ्रो, म्हणजे चकती मधल्या आसाभोवती जेवढी हलते ते अंतर, दोन-तीन मिलिमीटर असतो. गाडीच्या पॉलिशरला 8, 15 किंवा 21. दोन-तीनच्या थ्रोवर जाड स्पंज लावून दाबा, पॅड फिरायचंच थांबतं, नुसतं जागेवर थरथरतं. ओरखडे तिथेच, हात मात्र तासभर मुंग्या येऊन बधिर. हे सांगितलं तर म्हणतो, "मिस्टरांना घेऊन या, त्यांना समजावतो." मिस्टरांना टायरची हवा कुठे बघतात तेही माहीत नाही, त्यांना काय समजावणार आहेस रे बाबा?

ऑनलाइन तर आणखी आनंद. ड्रिलला लावायचे रंगीबेरंगी स्पंज "प्रोफेशनल किट" म्हणून विकतात. मशीनच्या पानावर वॅट आहे, वजन आहे, वायरची लांबी आहे, खोक्याचा रंगसुद्धा आहे. थ्रो कुठेय? सगळ्यात कमी वेग किती, सुरू करताना झटका देतं का, दाब दिल्यावर वेग पडतो का? ज्यावर काम होणार की बिघडणार हे ठरतं, नेमकं तेवढंच गाळलेलं.

माझं ठरलंय. 15 चा थ्रो, पॅड चिकटवायची 5 इंची प्लेट, कापायला, म्हणजे ओरखडे घासून काढायला, मायक्रोफायबर पॅड. रोटरी आणि लोकरीचं पॅड यापेक्षा झपाट्यानं कापतं, मान्य, पण पट्टे तेच ठेवून जातं आणि कडा जाळायला क्षणभर पुरतो. ते ज्याचा हात बसलाय त्यानं करावं. 21 चं सपाट बोनेटवर छान, दाराच्या वळणावर अडखळतं. दोन हजारच्या ओरखड्यांवर थेट मशीन घालण्याआधी तीन हजार नंबरची, आणखी बारीक दाण्याची फोमची डिस्क ओली करून हलक्या हातानं फिरवायची, म्हणजे कंपाउंडला कमी घासावं लागतं. आणि प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ. रेघ फिरताना दिसतेय तोवर पॅड फिरतंय, दिसेनाशी होऊन नुसती थरथरली तर... नाही, उलट! वेगात ती पुसट होते, थांबली की स्पष्ट दिसते. दुकानदारांना हे सांगितलं असतं तर वहीत लिहून घेतलं असतं त्यांनी.

मशीन मिळालं एकदाचं. मग पॅड मागितली. प्लेट 5 इंची, दुकानात सगळी 7 इंची. "चालतात हो, थोडी बाहेर आली तर काय होतंय?" काय होतंय? कड फडफडते, वजनानं पॅड अडतं आणि आतून तापून वेल्क्रो सुटतो! "बरं, मागवून देतो." कधी? "गणपती झाले की बघू."

आत्ता कुठे जून लागलाय.