कॉन्फिग.सबला हात लावू नका!

तुमची सी लायब्ररी ओपन सोर्स आहे, पण ती भलत्याच प्रोसेसरवर कुणी चालवू नये असं मनातून वाटतं? लाजू नका. लायसन्स बदलायची गरज नाही, ऑटोटूल्स आहेत, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या मशीनवर कंपाइल व्हावा म्हणून तयारी करणारी जुनी अवजारं.

टारबॉलमधल्या (सोर्स कोडच्या गाठोड्यातल्या) कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या, मशीन कोणतं ते ओळखणाऱ्या, फायली जिवापाड जपा. कॉन्फिग.सब उघडा, वरती टाइमस्टॅम्पची ओळ असते. तिथे २००९ दिसलं की हात जोडा आणि फाइल बंद करा. एआर्च६४ म्हणजे ६४ बिटी आर्म या फायलींना कळायला २०१२ उजाडलं. त्यामुळे तुमची फाइल सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखी वागेल: यादीत नाव नाही, आत सोडणार नाही! रिस्क-फाइव्ह या त्याहून नव्या प्रोसेसरवाल्यांनी तर गेटपाशीही येऊ नये. गंमत म्हणजे, बऱ्याचदा थोडंच आधी, कंपाइल करण्यापूर्वी मशीन तपासणाऱ्या त्याच कॉन्फिगर स्क्रिप्टने ‘बिल्ड एन्व्हायर्नमेंट सेन (शहाणं) आहे’ असा निर्वाळा दिलेला असतो.

काही आगाऊ मंडळी ऑटोरिकॉन्फ ही कमांड चालवून कॉन्फिगर पुन्हा तयार करतात आणि या फायलीही नव्या आणतात. डेबियन या लिनक्सने तर बिल्डच्या वेळी तो आपोआप चालावा अशी सोयच करून टाकली आहे. यावर उपाय म्हणजे जिच्यातून कॉन्फिगर तयार होतं ती कॉन्फिगर.एसी टारबॉलमध्ये घालायचीच नाही आणि तयार झालेल्या कॉन्फिगरमध्ये हाताने खाडाखोड करायची. बसा शोधत.

तरीही कुणी आत घुसलाच, तर कॉन्फिगरमधली प्रत्येक शंका छोटा प्रोग्राम चालवून फेडा. इंटेलच्या लॅपटॉपवर बसून आर्मसाठी कंपाइल करणाऱ्याला तो प्रोग्राम चालवताच येत नाही. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक (मेमरी मागायचं सीचं फंक्शन) काय देतो, हे तपासता आलं नाही की जुना ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर तयार करणारं अवजार) वाईटच धरून चालतो आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक नावाचं बदली फंक्शन बसवतो. ते लिहायचं काम तुमचं. अर्थात लिहू नका! सगळ्या फायली बिनबोभाट कंपाइल होतील आणि ऐन लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (हे फंक्शन सापडत नाही) अशी एरर येईल. या तपासणीचं उत्तर ठेवणाऱ्या कॅशे व्हेरिएबलमध्ये हाताने ‘येस’ भरलं की सुटतं, पण हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहाल तर खबरदार.

मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) कंपाइलर म्हणून नुसतं ‘जीसीसी’ कोरून ठेवा, म्हणजे कोणत्या मशीनसाठी ते सांगणाऱ्या ‘--होस्ट’ला काय वाट्टेल ते देऊ देत, कंपाइल होणार इथल्याच मशीनसाठी. जोडीला ‘-मार्च=नेटिव्ह’, म्हणजे ‘समोरच्याच प्रोसेसरसाठी कोड बनव’, हवंच.

तक्रार आलीच तर प्रेमाने सांगा, “त्या छोट्या आर्म बोर्डावरच कंपाइल करा ना!” एक जीबी रॅमवर लिंकर सुरू झाला की बोर्ड गप्प होतो, तक्रारदारही.