‘पोट भरलेल्यांचे सल्ले’: परभणीच्या एका वडिलांना उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि त्या रागामागे मुलाची काळजी आहे, हे वाचताना कळतं. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलाने निदान ते एक वर्ष तरी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू नये, सगळ्या तासांना बसावं, ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढावं आणि अभ्यासाबाहेरच्या एखाद्या उपक्रमात उतरावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर या वडिलांनी लिहिलं: ‘मॅडम, हे पोट भरलेल्यांचे सल्ले आहेत. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे त्याने खुशाल नाटकं करावीत. आमचं पोरगं सोयाबीनच्या पैशावर शिकायला आलंय. नुसत्या बीएला कोण विचारतं? त्याला तीन वर्षांत पोस्ट काढायची आहे. क्लासची फी भरून झाली, आणि तुमचा लेख वाचून तो आता क्लास सोडतो म्हणतोय.’

दादा, मी तो लेख फ्लॅटवाल्या मुलासाठी लिहिलाच नव्हता. त्याचं पहिलं वर्ष वाया गेलं तर त्याचे वडील त्याला दुसरीकडे कुठेतरी पैसे भरून बसवतात, नाहीतर ओळखीने कामाला लावतात. तुमच्या मुलाला दुसरी संधी विकत मिळणार नाही. म्हणूनच जे कॉलेजात फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं, ते त्याने आधी पदरात पाडून घ्यावं असं माझं म्हणणं आहे. क्लास एकविसाव्या वर्षीही लावता येतो. कॉलेज पुन्हा मिळत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, पोस्टचा. राज्यसेवेला बसायला पदवी लागते. पूर्व परीक्षेचा अर्ज भरायलासुद्धा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असावा लागतो. वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. म्हणजे अठराव्या वर्षी कुठलीही गाडी सुटत नाही. ती सुटेल अशी भीती घालून क्लासवाले पहिल्या वर्षाच्या मुलांची ‘फाउंडेशन बॅच’ भरतात, याचा मला खरोखर राग येतो, कारण ती भीती नेमकी तुमच्यासारख्या लांबून आलेल्या पालकांना घातली जाते.

दुसरं असं, की परीक्षाच बदलली आहे. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात शेकडो मुलं रस्त्यावर बसली होती, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय पुढे ढकला, ही त्यांची मागणी होती. राज्य लोकसेवा आयोगाने (एमपीएससी) ती मान्य केली आणि नवी पद्धत 2025 पासून लागू झाली. गुणांची वाटणी पाहा: निबंधाला 250, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी 250 चे आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून 500. शिवाय मराठी आणि इंग्रजीचे पात्रता पेपर. त्यांत 25 टक्के मिळाले नाहीत तर बाकी कितीही गुण मिळवा, उपयोग नाही. गोल रंगवण्यावर जी मुख्य परीक्षा निघत होती, तीत आता पानंच्या पानं लिहावी लागतात.

आणि वैकल्पिक विषयांच्या यादीत कायकाय आहे? इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य. म्हणजे तुमचा मुलगा ज्या बीएला आला आहे तेच विषय! 500 गुणांचा विषय तीन वर्षं शिकवणारी माणसं कॉलेजात पगारावर बसलेली असताना, मुलगा सकाळी तासाला दांडी मारून क्लासला जातो आणि पुढे तोच विषय वेगळी फी भरून शिकतो, हे मला दरवर्षी दिसतं.

मी पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. ऑगस्टमध्ये एक छोटी चाचणी घेते. प्रश्न अगदी साधा असतो: तुमच्या गावात या वर्षी कोणत्या पिकाला काय भाव मिळाला आणि तो तसा का मिळाला, ते दहा ओळींत लिहा. बारावीला ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळवलेली मुलं या प्रश्नापुढे अडतात. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने सुरुवात होते, मग गाईडमधला मागणी-पुरवठ्याचा नियम जसाच्या तसा उतरतो, आणि सातव्या ओळीला पेन थांबतं. ज्या मुलाने आडतीवर बापाबरोबर पोत्यावर बसून रात्र काढलेली असते, त्याच्या उत्तरात आडत नसते, हमाली नसते, ओलावा जास्त म्हणून कापलेला भाव नसतो. त्याला हे सगळं माहीत असतं. आपल्याला माहीत आहे ते लिहिण्याजोगं आहे, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला आणि त्याच्याकडून दहा वेळा लिहून घ्यायला एक वर्ष लागतं. हे वर्ष म्हणजे चैन नव्हे, दादा. मुख्य परीक्षेच्या निबंधाची तयारी इथेच सुरू होते, आणि मुलगा परीक्षेला बसलाच नाही तरी ते लिहिणं त्याच्याजवळ राहतं.

तुम्ही पुण्याला याल तेव्हा पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जरूर डोकावा. प्लायवूडच्या आडोशाने केलेली टेबलं, प्रत्येकावर एक ट्यूबलाइट आणि एक चार्जिंग पॉइंट, समोर चिकटवलेला अभ्यासक्रम, त्याखाली जुन्या मालकाने चिकटवलेला आणखी जुना अभ्यासक्रम. तिथली मुलं आळशी नाहीत. सकाळी सातला येऊन रात्री अकराला उठतात. त्यांतली बरीच पंचविशी ओलांडलेली आहेत, घरी जायला लाजतात, आणि ‘दुसरं काय येतं?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. कारण कॉलेजच्या वर्षांतही ती याच टेबलाशी होती. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. निवड न झालेल्यांत नालायक किती आणि जागाच नव्हत्या म्हणून राहिलेले किती? उत्तर तुम्हाला कळतं. म्हणून मुलाने परीक्षा द्यावीच, पण हातात दुसरं काहीतरी घेऊन द्यावी.

पैशाचा भाग मागच्या लेखात नव्हता, कारण तो लेख मुलाला उद्देशून होता आणि मुलं पैशाचं वाचत नाहीत. तुम्ही वाचाल, म्हणून इथे लिहिते. क्लासच्या फीवर तुम्ही जितकी धावपळ केलीत, तितकीच शिष्यवृत्तीच्या अर्जावर करा. तुमचा प्रवर्ग मला माहीत नाही, म्हणून सगळंच सांगते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, भरायचा. खुल्या गटात वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात राहण्याजेवणासाठी वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत मिळते. ओबीसींसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

यातलं खरं दुखणं योजनांचं नाही, अर्जाचं आहे. गावाकडच्या नेट कॅफेत अर्ज भरतात आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा पडतो. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडलेला असतो. बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. कॉलेजचा क्लार्क त्रुटी काढून अर्ज परत पाठवतो, तो निरोप कॅफेवाल्याच्या फोनवर पडून राहतो, मुदत संपते आणि मुलगा घरी सांगतो, ‘शिष्यवृत्ती आली नाही.’ अर्ज मुलाने स्वतः, स्वतःच्या नंबरावरून भरावा आणि दर आठवड्याला लॉगिन करून बघावं. कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच्या माणसाशी त्याची तोंडओळख झालीच पाहिजे. माझ्या मते पहिल्या महिन्यातली ही सगळ्यात उपयोगाची ओळख.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, पेठेत राहण्याआधी वसतिगृहांची चौकशी केली होतीत का? पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून नेमकं हेच काम करते: खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींची अल्प खर्चात राहण्याजेवणाची सोय. तिथे मुलं वसतिगृहातली कामं स्वतः करतात आणि कमवा व शिका योजनेत हातखर्चही काढतात. विद्यापीठाचीही कमवा व शिका योजना आहे, कॉलेजात चौकशी करायची. ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात काही तास काम आणि तासाप्रमाणे मानधन. यात कमीपणा वाटून घेऊ नये हे मुलाला तुम्हीच सांगा, तुमचं तो ऐकेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 1947 मध्ये कॉलेज काढलं ते याच पायावर, आणि त्याच्याही आधी, 1901 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा मुलांसाठी बोर्डिंग उघडलं, मग इतर समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. कुणब्याचं पोर शहरात शिकायला आलं की आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय लागली पाहिजे, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

राहिलं नाटक. या शब्दावर तुमचा सगळ्यात जास्त राग दिसला. मी नाटकच करा असं म्हटलेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना घ्या, कबड्डी घ्या, वक्तृत्व घ्या, भित्तिपत्रक काढा. पण कशात तरी उतरायला हवं, असं म्हणते त्याला कारण आहे. मराठवाड्यातून आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात वर्गात उठून बोलतो. ‘मी उत्तर लिहायलोय मॅडम’ म्हणतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं. मी हसणाऱ्याला त्याच क्षणी उभं करते, पण झालेलं झालेलं असतं. हा मुलगा पुढे महिनोन् महिने तोंड उघडत नाही. खोलीवर गाववाले, मेसला गाववाले, क्लासला पाचशे मुलांच्या हॉलमध्ये स्क्रीनकडे बघत बसणं. तिथे त्याला कुणी काही विचारत नाही आणि तोही कुणाला काही विचारत नाही. अशा मुलाला कुठल्याही गटात चार महिने काम मिळालं की तो बोलायला लागतो. पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजं एकांकिका बसवतात तेव्हा स्टेजवर पाच-सात असतात आणि मागे वीस मुलं खपतात. सामान आणणं, दिवे, हिशेब, वेळेवर सगळ्यांना गोळा करणं. तिथे बोलीला कुणी हसत नाही, उलट गावाकडचा लहेजा अस्सल यायला हवा म्हणून त्याला दोनदा बोलून दाखवायला सांगतात. पुढे मुलाखतीच्या टेबलावर पाच अनोळखी माणसांसमोर जे बसायचं आहे, त्याला लागणारा धीर असाच कमवावा लागतो.

मुलं अशा उपक्रमांच्या नादाने वाया जातात, ही तुमची भीती पोकळ नाही. काही जातात. म्हणून मी ‘एखाद्या’ उपक्रमात असं लिहिलं आणि त्याच लेखात 75 टक्के हजेरीचंही लिहिलं. हजेरी सांभाळून जे जमेल तेवढंच करायचं.

आता भरलेल्या फीचं काय करायचं? लेख वाचून मुलाने तडकाफडकी क्लास सोडावा असं मी म्हणणार नाही. तो पैसा तुमच्या घामाचा आहे. आधी क्लासला लेखी अर्ज देऊन बॅच पुढच्या किंवा तिसऱ्या वर्षाला बदलून मिळते का ते विचारा. पैसे परत द्यायला ते नाखूश असतात, बॅच बदलून द्यायला पुष्कळदा तयार होतात. ते जमलंच नाही, तर फक्त शनिवार-रविवारची बॅच घ्या. कॉलेजच्या वेळेतली बॅच मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, एवढं माझं ऐका.

आणि फोनवर त्याला रोज ‘अभ्यास किती झाला?’ विचारत असाल, तर पहिले दोन-तीन महिने जरा वेगळं विचारा. जेवण कसं आहे, शेजारच्या कॉटवर कोण आहे, वर्गात कुणाशी ओळख झाली, कोणते सर चांगलं शिकवतात. पहिल्या सहामाहीत मुलं मनातून खचतात ते अभ्यासामुळे क्वचित, एकटेपणामुळे जास्त. तो फारच गप्प वाटला, जेवत नाही, झोपत नाही असं कळलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर त्याच्याकडे असू द्या. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वसतिगृहात किंवा खोलीवर सीनियर मुलं त्रास देत असतील, तर रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक 1800-180-5522 आहे. महाराष्ट्रात 1999 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, घाबरून सहन करायचं कारण नाही.

तो कुठल्या कॉलेजात आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे लिहूही नका. मला वेगळा निरोप पाठवा. या आठवड्यात त्याच्याकडून एवढं करून घ्या: चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला तुम्ही तहसीलमधून काढून पाठवा, खातं आधारला जोडलं आहे का ते त्याने बँकेत जाऊन बघावं, आणि महाडीबीटीचा अर्ज भरायला बसण्याआधी माझ्याशी बोलावं. अर्ज आम्ही दोघं मिळून तपासू.