सक्ती उठली म्हणून मास्क खोटा ठरत नाही

पाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. लगेच एक मेसेज फिरायला लागला. आठवडाभरात तो माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: 'मास्कचा उपयोग नव्हता हे सरकारनेच मान्य केलं. विषाणू मास्कच्या छिद्रांपेक्षा लहान असतो. मास्कने ऑक्सिजन कमी पडतो. आता वर्गात कुणी मास्क लावला तर त्याला काढायला सांगा.'

मी पुण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. सक्ती गेली याचा मला मनापासून आनंद आहे. मुलांचे नुसते डोळे बघून शिकवताना कुणाला समजलं आणि कोण नुसतं मान हलवतंय, ते कळायचंच नाही. पण या मेसेजमधलं एकही वाक्य मला पटत नाही.

छिद्रांचा मुद्दा आधी घेते, कारण तो हुशार मुलांनाही खरा वाटतो. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे बरोबर. पण तो हवेत सुटा फिरत नाही, थुंकीच्या बारीक थेंबांतून येतो. शिवाय मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. परवा वर्गात मी प्लॅस्टिकची पट्टी केसांवर घासली आणि कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे उडी मारून चिकटले. एन-९५ च्या आतल्या थरातल्या धाग्यांवर असाच विद्युतभार असतो आणि तो कणांना ओढून घेतो. त्याची चाचणी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते, कारण ते पकडायला सगळ्यात अवघड. त्याहून लहान कण सरळ जातच नाहीत, हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्यांवर आदळतात. (म्हणूनच एन-९५ साबणाने धुऊ नये. दिसायला तो तसाच राहतो, भार मात्र निघून जातो.)

कापडी मास्कची गोष्ट वेगळी, तो बराच कमी पडतो. बांगलादेशात सुमारे ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. तिथे सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणं असलेला संसर्ग साधारण ११ टक्क्यांनी घटला; कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. ११ टक्के म्हणजे जादू नव्हे. पण त्या गावांतही निम्म्याहून जास्त लोक मास्क लावत नव्हते, हेही लक्षात घ्या.

ऑक्सिजनचं उत्तर एका ओळीचं आहे: जे धागे हवा आत येऊ देतात ते ऑक्सिजनला अडवत नाहीत. सर्जन तासन् तास मास्क लावून ऑपरेशन करतात. कोंदट वाटतं, घाम येतो, हे खरं. पण तो त्रास वेगळा.

राहिला सरकारने 'मान्य' केल्याचा मुद्दा. जानेवारीतली ओमायक्रॉनची लाट मार्चपर्यंत ओसरली होती. बहुतेकांची लस झाली होती, अनेकांना संसर्गही होऊन गेला होता. धोका कमी झाला, म्हणून दंडाची पावती बंद झाली. पाऊस थांबला की आपण छत्री मिटतो. छत्री गळकी होती असं कुणी म्हणत नाही.

आणि 'काढायला सांगा'? माझ्या वर्गात एक मुलगी अजून मास्क लावते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, 'आता तरी काढ गं!' ती काही बोलली नाही. तास संपल्यावर टेबलापाशी आली. 'मॅडम, बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. डॉक्टर म्हणाले, घरात आजार आणू नका.' अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, लसही त्यांना कमी लागू पडते. ऐच्छिक या शब्दात लावण्याची इच्छाही येते. मी दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच सांगितलं की माझ्या तासाला कुणी कुणाच्या मास्कबद्दल बोलायचं नाही. कारण सांगितलं नाही, ते तिचं आहे.

आता ती पहिल्या बाकावर खिडकीशी बसते. मी पोहोचते तेव्हा दोन्ही खिडक्या सताड उघड्या असतात.