कोडमध्ये जमा

इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून काम करायचे तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असावे लागते, आणि ते तिथे टिकावे म्हणून मी गेल्या खेपेस १२० पौंड भरले. ही वर्गणी नोकरीसाठी सक्तीची असल्यामुळे तिच्यावर प्राप्तिकरात सवलत मिळते, हे ज्ञान मला एका रात्रपाळीत केरळच्या सहकारिणीने दिले. मी अर्ज केला, पावती जोडली आणि त्यानंतर दाराच्या फटीतून आत पडणाऱ्या प्रत्येक पाकिटाकडे आशेने पाहू लागले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले. त्यात चेक नव्हता. माझा टॅक्स कोड, म्हणजे पगारातून कर किती कापायचा हे ज्यावरून ठरते तो आकडा, १२५७एल होता, तो आता १२६९एल झाला आहे, एवढेच कळवले होते.

हा अपमान मी एकटीने गिळलाही असता. परंतु त्या दिवशी माझे चुलतसासरे आमच्याकडे मुक्कामाला होते. काका डोंबिवलीचे, सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालेले, आणि हिशेब जुळत नसेल तर जेवणाच्या पानावरून उठणारे. त्यांनी पत्र माझ्या हातून घेतले, चश्मा बदलला आणि मागची कोरी बाजूसुद्धा वाचून काढली.

“पैसे कुठे आहेत?”

“कोडमध्ये आहेत, काका.”

“म्हणजे कुठे?”

मी समजावून सांगितले, की इथे वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नसतो. त्यातला शेवटचा आकडा उडवून पुढे एल लावला, की १२५७एल हा कोड तयार होतो. त्यात माझे १२० मिळवले, की १२,६९० होतात. त्या १२० पौंडांवरचा वीस टक्के कर वाचला, म्हणजे वर्षाला २४ पौंड, म्हणजे दरमहा दोन.

काकांनी हे सगळे डोळे मिटून ऐकले. मग ते म्हणाले, “आमच्या सोसायटीतला थकबाकीदारसुद्धा हप्ता यापेक्षा मोठा देतो.” थोड्या वेळाने, जणू आपणच काही चुकीचे ऐकले असावे अशा सौम्य आवाजात, त्यांनी विचारले, “आणि सूनबाई, काम करून घेणार रुग्णालय, पगार देणार रुग्णालय, मग काम करायची परवानगी तू स्वतःच्या खिशातून का विकत घेतेस?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पहिल्या वर्षी ती रक्कम रुग्णालयाने भरली होती, तेव्हा तिच्यावर सवलत मागता येत नव्हती. दुसऱ्या वर्षी ती मी भरली, तेव्हा सवलत मागण्याचा मान मला मिळाला. ही वर्गणी २०१३ पर्यंत ७६ पौंड होती, मग ती १०० झाली आणि २०१५ मध्ये १२०. एकरकमी जमत नसेल तर तिमाहीला तीस भरण्याची सोय आहे, यावरून ती कोणाच्या खिशातून जाते हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक असावे. बारा तासांच्या पाळीत मी कितीदा पाणी पिते याची नोंद कोणी ठेवत नाही. वर्गणीचा दिवस चुकला, तर मात्र माझे नाव नोंदवहीतून जाऊ शकते.

तरीही आपण आलो त्या देशाला कोणी नावे ठेवली की माणूस उगीच त्याची बाजू घेतो, तसे माझे झाले. मी म्हटले, “काका, आपल्याकडे व्यवसाय कर नाही का? दरमहा दोनशे, आणि फेब्रुवारीत, महिना सर्वांत लहान म्हणून की काय, तीनशे.”

काका दुखावले. “तो वर्षाला २५०० च्या वर जाऊ शकत नाही. मर्यादा घटनेत आहे, कलम २७६. आणि तो पगारपत्रकावर उघड दिसतो. तुझे हे पैसे आकड्यात लपून बसले आहेत.”

त्यानंतरचे तीन दिवस त्यांनी विषय सोडला नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे असे कळल्यावर त्याची वर्गणी सवलतीत बसवता येईल का, असे त्यांनी विचारले. करखात्याच्या मान्य यादीतलीच संस्था लागते आणि तिचा संबंध कामाशी असावा लागतो, हे त्यांनी नाइलाजाने मान्य केले. आजीव सभासदत्वाची वर्गणी मात्र मुळीच चालत नाही, हे कळताच ते खरोखर खिन्न झाले, कारण ते स्वतः एका वाचनालयाचे, दोन पतपेढ्यांचे आणि एका ज्येष्ठ नागरिक संघाचे आजीव सभासद आहेत. इथले करवर्ष ५ एप्रिलला संपते, ही गोष्ट तर त्यांनी स्वीकारलीच नाही. १७५२ साली इंग्रजांनी पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले, त्याचा हा अवशेष आहे, असे मी सांगितल्यावर, आयुष्यभर ३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसलेल्या त्या माणसाने विचारले, “आणि त्या अकरा दिवसांचा पगार?”

काका परत गेले. काल माझा पगार झाला आणि संध्याकाळी डोंबिवलीहून फोन आला.

“आले का दोन?”

मी पगारपत्रक उघडले. या महिन्यात रात्रपाळ्या जास्त झाल्यामुळे पगार वाढला होता आणि त्याबरोबर करही मागच्या महिन्यापेक्षा एकतीस पौंडांनी जास्त गेला होता. ते दोन पौंड त्यात कुठेतरी असणारच, असे मी म्हटले.

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. “येणे बाकी,” काका म्हणाले, आणि ते लिहीत असल्याचे मला ऐकू आले.