काउन्सेलिंगबद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

"मुलांना काउन्सेलरकडे नेलं की गोळ्या सुरू होतात, आणि आत्महत्येबद्दल विचारलं तर नको ते डोक्यात येतं" असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. गोळ्या लिहून देणं काउन्सेलरचं काम नाही, ते सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मानसिक आजारांच्या डॉक्टरचं. पहिल्या भेटीत बहुतेक वेळा झोप, मित्र, अभ्यास यावरच बोलणं होतं, आणि काय खासगी राहील, जिवाला धोका वाटला तर कोणाला सांगावं लागेल हेही आधीच सांगतात. दुसरा दावा तर जास्त घातक, कारण आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने धोका वाढत नाही उलट मूल मोकळं होतं, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, आणि साधारण निम्मे मानसिक त्रास वयाच्या १८ पर्यंतच सुरू होतात म्हणून वाट बघत बसू नका. प्लीज तो मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा, केला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.